इजिप्तच्या शिलालेखात राजाचं नाव आणि तारीख कशी वाचायची

प्राचीन इजिप्तचा कुठलाही सरकारी शिलालेख घ्या, सुरुवातीच्या ओळींचा साचा बहुतेक ठरलेला असतो: कितवं वर्ष, कुठल्या ऋतूचा कितवा महिना, कितवा दिवस आणि मग राजाच्या नावांची रांग. नाशिकच्या लेण्यांमधले सातवाहनांचे लेख ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा साचा नवा वाटणार नाही. गौतमीपुत्र सातकर्णीच्या दानलेखात 'सवछरे १८, वासपखे २, दिवसे १' अशी तारीख आहे. म्हणजे राज्यवर्ष अठरावं, पावसाळ्याचा दुसरा पक्ष, पहिला दिवस. सलग चालणारा सन त्यात नाही. इजिप्तमध्येही तीच रीत. राजा बदलला की मोजणी पुन्हा एकपासून सुरू.

याचा सरळ परिणाम असा की राजा कोण हे कळल्याशिवाय तारखेला अर्थच नाही. नवखा वाचक आकडे सोपे दिसतात म्हणून आधी तारखेला हात घालतो आणि तिथेच अडकतो. कामाचा क्रम असा ठेवा: आधी दिशा, मग नाव, मग तारीख, मग वर्ष कधी बदलतं त्याचा हिशेब, आणि इसवी सनपूर्व आकडा अगदी शेवटी. साहित्य म्हणून लेखाचा मोठा, शक्यतो तिरप्या उजेडात काढलेला फोटो, ट्रेसिंग पेपर आणि पेन्सिल पुरे. तिरपा उजेड हवाच, कारण समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत उथळ कोरीव खुणा पुसल्यासारख्या दिसतात आणि आकड्यातली एखादी उभी रेघ हमखास सुटते.

पायरी १: दिशा

चित्रलिपी उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे किंवा वरून खाली, कशीही लिहिलेली असते. माणसं, पक्षी, प्राणी यांची तोंडं ज्या बाजूला आहेत ती बाजू म्हणजे ओळीची सुरुवात. त्यांच्या तोंडाकडून आत वाचत जायचं. दरवाज्याच्या दोन्ही चौकटींवर तोच मजकूर समोरासमोर, आरशातल्यासारखा कोरलेला असू शकतो. तेव्हा प्रत्येक बाजूची दिशा वेगळी पाहायची. एका बाजूला नीट जमलं की दुसरी बाजू ताळा करायला उपयोगी पडते.

पायरी २: चौकट शोधा

राजाचं नाव दोन प्रकारच्या चौकटींत असतं.

जुनी चौकट म्हणजे सेरेख. उभा आयत, त्याच्या खालच्या भागात राजवाड्याच्या भिंतीची उभी नक्षी, वरच्या मोकळ्या जागेत नाव आणि माथ्यावर ससाणा, म्हणजे होरस देव. नार्मेरचं नाव असंच लिहिलेलं आहे: एक मागूर मासा आणि एक छिन्नी. माथ्यावर ससाण्याऐवजी दुसराच प्राणी दिसला तर फोटो चुकीचा आहे असं समजू नका. दुसऱ्या घराण्यातल्या पेरिबसेनच्या सेरेखवर सेथ या देवाचा प्राणी बसलेला आहे आणि खासेखेमवीच्या सेरेखवर दोघंही आहेत.

दुसरी चौकट म्हणजे कार्टूश: दोरखंडाचा लांबट फेर आणि एका टोकाला गाठ मारलेली आडवी पट्टी. चौथ्या घराण्याच्या स्नेफेरूपासून ती नियमित दिसते. गाठ असलेलं टोक म्हणजे नावाचा शेवट. दिशेबद्दल शंका असेल तर ही गाठ पाहून खात्री करता येते.

बहुतेक लेखांत दोन कार्टूश जवळजवळ असतात आणि ती दोन राजांची नसून एकाच राजाची असतात. नवख्या माणसाची ही पहिली चूक. दोन्हींच्या आधी येणाऱ्या खुणा पाहा. लव्हाळ्याचं रोप आणि मधमाशी असेल तर ते राज्यनाव, राज्यावर बसताना घेतलेलं. बदक आणि सूर्यबिंब असेल तर 'रेचा (सूर्यदेवाचा) पुत्र', म्हणजे पुढे जन्मनाव. कधी या खुणांऐवजी किंवा त्यांच्या जोडीला राज्यनावाआधी 'दोन्ही भूमींचा स्वामी' आणि जन्मनावाआधी 'मुकुटांचा स्वामी' अशी बिरुदं येतात. ती चौकटीच्या बाहेर असतात, नावाचा भाग नसतात.

पायरी ३: कार्टूशच्या आतलं वाचा

इथे एक नियम पाठ करायलाच हवा. देवाचं नाव मानाने आधी लिहितात, वाचताना ते त्याच्या जागी न्यायचं.

तुतनखामुनचं राज्यनाव घ्या. उभ्या कार्टूशमध्ये वरून खाली असं दिसतं: सूर्यबिंब, शेणभुंगा, तीन उभ्या रेघा, उथळ टोपली. खुणांचे उच्चार त्याच क्रमाने रे, खेपेर, अनेकवचन, नेब. जसंच्या तसं वाचलं तर 'रे-खेपेरू-नेब' होतं आणि असा राजा कुठल्याच यादीत सापडत नाही. सूर्यबिंब मानासाठी वर गेलं आहे. ते शेवटी न्या, टोपली पुढे आणा: नेब-खेपेरू-रे.

त्याचं जन्मनाव जरा लांब आहे. वर बोरूचं पान, सोंगट्यांचा पट आणि पाण्याची नागमोडी रेघ. हे झालं अमुन, देवाचं नाव. त्याखाली पाव, लाव्याचं पिल्लू, पुन्हा पाव, हे तुत. शेजारी अंख, म्हणजे वर फास असलेली क्रुसासारखी खूण. शेवटी राजदंड, खांब आणि दक्षिणेचं रोप. अमुनला त्याच्या जागी नेलं की 'तुत-अंख-अमुन' मिळतं आणि खालचा तुकडा 'हेका-इयुनू-शेमा', म्हणजे दक्षिणेकडच्या इयुनूचा राजा. दक्षिणेकडचं इयुनू म्हणजे थेब्स. हा शेवटचा तुकडा बिरुद आहे, पण चौकटीच्या आतलं बिरुद.

आतली बिरुदं 'जादा मजकूर' म्हणून सोडून देऊ नका. याचं सर्वांत चांगलं उदाहरण 'उसेरमाअतरे'. दुसऱ्या रामसेसचं राज्यनाव 'उसेरमाअतरे सेतेपेनरे' आणि तिसऱ्या रामसेसचं 'उसेरमाअतरे मेरीअमुन'. गोंधळ इथे थांबत नाही, कारण 'मेरीअमुन' हे बिरुद दुसऱ्या रामसेसच्या जन्मनावातही आहे, तर तिसऱ्याच्या जन्मनावात 'हेकाइयुनू' आहे. म्हणून कार्टूश कोणतं आहे ते आधी ठरवायचं, मग त्यातलं बिरुद पाहायचं. दोघांच्या राज्यारोहणांत सुमारे नव्वद वर्षांचं अंतर आहे. एक शब्द सुटला की लेख एका घराण्यातून दुसऱ्यात जातो. शिवाय राज्याच्या अगदी सुरुवातीला दुसरा रामसेस नुसतं 'उसेरमाअतरे' लिहीत होता, 'सेतेपेनरे' नंतर जोडलं. म्हणजे लेख त्याचाच आहे हे इतर पुराव्यावरून पक्कं असेल, तर हे बिरुद नसणं हीसुद्धा तारखेची खूण ठरते.

'पहिला', 'दुसरा', 'तिसरा' असे क्रमांक लेखात शोधू नका. ते आजच्या इतिहासकारांनी लावलेले आहेत. इजिप्शियन लोक चार थुतमोसांमधला फरक राज्यनावाने करत: आखेपेरकारे, आखेपेरेनरे, मेनखेपेररे, मेनखेपेरूरे. यातल्या शेवटच्या दोघांमध्ये फरक आहे तो शेणभुंग्याखालच्या तीन रेघांचा. तिरप्या उजेडातला फोटो का हवा, ते इथे कळतं.

राज्यनावच धरून चाला, याला आणखी एक कारण आहे. जन्मनाव राजकारणाबरोबर बदलू शकतं. चौथा अमेनहोतेप अखेनातेन झाला, तुतनखातेनचा तुतनखामुन झाला. दोघांची राज्यनावं मात्र तीच राहिली. परदेशी दरबारही राजाला याच नावाने ओळखत. अखेनातेनच्या राजधानीच्या जागी, अमार्ना इथे सापडलेल्या कीलाकार लिपीतल्या पत्रांत उत्तर सीरियातल्या मितानीचा राजा तुश्रत्त तिसऱ्या अमेनहोतेपला 'निम्मुरेया' म्हणतो, हे नेबमाअतरेच. चित्रलिपी स्वर लिहीत नाही, आपण सोयीसाठी मध्ये 'ए' घालतो, त्यामुळे त्या काळचा उच्चार आपल्या पुस्तकी उच्चारापेक्षा किती वेगळा होता याची ही पत्रं चांगली झलक देतात.

पाच नावं, थोडक्यात

पूर्ण राजपदावलीत पाच नावं असतात आणि त्यांचा क्रम ठरलेला. तुतनखामुनची पदावली समोर ठेवली तर सगळे प्रकार दिसतात. होरस नाव: कानाख्त तुतमेसुत. दोन देवींचं, म्हणजे गिधाडरूपी नेखबेत आणि नागरूपी वाजेत यांचं नाव: नेफेरहेपू सेगेरेहतावी. सुवर्ण होरस नाव: वेचेसखाऊ सेहेतेपनेचेरू. चौथं राज्यनाव, पाचवं जन्मनाव. ही दोन वर आलीच आहेत. पहिल्या तिन्हींना कार्टूश नसतं.

पाचही नावं एकाच वेळी रूढ झालेली नाहीत. होरस नाव सर्वांत जुनं, 'रेचा पुत्र' ही उपाधी चौथ्या घराण्यातल्या जेदेफ्रेपासूनची, आणि पाचांचा पूर्ण संच मध्य राज्याच्या काळात (बारावं घराणं आणि आसपास) ठरीव झाला. तेव्हा पिरॅमिडच्या काळातल्या लेखात पाच नावं सापडली नाहीत म्हणून लेख तुटका समजू नये. होरस नावाच्या सुरुवातीला 'कानाख्त', म्हणजे बलवान बैल, असेल तर लेख बहुधा पहिल्या थुतमोसच्या किंवा त्यानंतरच्या काळातला. आणि 'फारो' या शब्दाचा या पाचांशी संबंध नाही. तो मुळात राजवाड्याचं नाव होता आणि राजासाठी नवराज्यात (अठरा ते विसावं घराणं) वापरला जाऊ लागला.

नावं ठरली की ती प्रांतोप्रांती कळवावी लागत. पहिल्या थुतमोसने राज्यावर आल्यावर नूबियाच्या (इजिप्तच्या दक्षिणेकडच्या प्रदेशाच्या) सुभेदाराला, तुरीला, पाठवलेलं फर्मान शिळांवर कोरलेलं मिळालं आहे. त्यात पाचही नावं क्रमाने दिली आहेत, देवांना अर्पण करताना ती घ्यावीत असं सांगितलं आहे आणि शपथ याच नावाने घ्यायला लावावी असा हुकूम आहे. शेवटी तारीख: वर्ष १, पेरेतचा तिसरा महिना, दिवस २१, राज्याभिषेकाच्या उत्सवाचा दिवस. पदावली आणि कालगणना एकाच फर्मानाने सुरू होते, हे यात स्पष्ट दिसतं.

पायरी ४: तारखेची ओळ

आता तारखेकडे वळा. खुणा मोजक्याच आहेत.

- वर्ष: खाचा पाडलेली ताडाच्या पात्याची उभी शीर, पुढे आकडा.
- महिना: चंद्रकोर, बऱ्याचदा चांदणीसह, पुढे १ ते ४. पाच दिसला तर वाचन चुकलं आहे, कारण एका ऋतूत चारच महिने असतात.
- ऋतू: अखेतला तळ्यातून वर आलेली कमळं. पेरेतला घराचा चौकोनी आराखडा आणि तोंडाची खूण. शेमूला तळं आणि पाण्याच्या नागमोडी रेघा.
- दिवस: सूर्यबिंब, पुढे आकडा.

आकड्यांसाठी एकं म्हणजे उभी रेघ, दहा म्हणजे कमान, शंभर म्हणजे दोरीचं वेटोळं. किती खुणा आहेत त्या मोजायच्या, बेरीज करायची. दिवसांच्या आकड्यात दहाची कमान बऱ्याचदा आडवी पडलेली असते. तिला वेगळीच खूण समजून लोक सोडून देतात आणि २१ चा १ होतो. महिन्याचा शेवटचा, तिसावा दिवस आकड्याऐवजी शब्दानेही लिहितात.

हिशेबासाठी ही दिनदर्शिका अगदी सरळ आहे: तीन ऋतू, प्रत्येकी चार महिने, प्रत्येक महिना बरोबर ३० दिवसांचा. झाले ३६०. त्यानंतर पाच जादा दिवस, ओसिरिस, होरस, सेथ, इसिस आणि नेफ्थिस यांच्या जन्माचे. एकूण ३६५, लीप वर्ष नाही. महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन आठवडे. थेब्सच्या राजांच्या थडग्यांवर काम करणाऱ्या देर अल-मदीनाच्या कारागिरांना आठवड्याच्या शेवटी सुट्टी असे. दिवस पहाटे सुरू होई, मध्यरात्री नाही.

पायरी ५: दिवसाला क्रमांक द्या

दोन तारखांमधलं अंतर काढायचं तर प्रत्येक तारखेला १ ते ३६५ मधला क्रमांक द्या. अखेतसाठी ०, पेरेतसाठी १२०, शेमूसाठी २४० घ्या. त्यात महिन्याच्या आकड्यातून एक वजा करून तीसने गुणलेली संख्या मिळवा, मग दिवस मिळवा. जादा दिवसांना ३६१ ते ३६५.

पेरेतचा चौथा महिना, दिवस २५: १२० + ९० + २५ = २३५.
शेमूचा पहिला महिना, दिवस ४: २४० + ० + ४ = २४४.

या दोन तारखा मुद्दाम घेतल्या आहेत.

पायरी ६: वर्ष कधी बदलतं ते तपासा

तिसऱ्या थुतमोसच्या मोहिमांची बखर थेब्सच्या कर्नाक मंदिरात गाभाऱ्याभोवतीच्या भिंतींवर कोरलेली आहे. मेगिद्दोच्या (आजच्या इस्रायलमधल्या) पहिल्या मोहिमेत सैन्य सरहद्दीवरच्या चारू किल्ल्यातून निघालं ती तारीख: वर्ष २२, पेरेत ४, दिवस २५. गाझाला पोहोचलं ती तारीख: वर्ष २३, शेमू १, दिवस ४. सरळ वाचलं तर सैन्य वर्षभर वाळवंटात चालत होतं असं वाटेल. क्रमांक पाहा: २३५ आणि २४४. नऊच दिवसांचं अंतर आहे, निघालेला दिवस धरून दहा. मध्ये वर्ष बदललं, कारण शेमू १, दिवस ४ हा थुतमोसच्या राज्यारोहणाचा दिवस. लेखही ते सांगतो. मेगिद्दोची लढाई झाली त्याच महिन्याच्या दिवस २१ ला, म्हणजे क्रमांक २६१; गाझानंतर सतरा दिवसांनी.

नवराज्यात वर्ष असं राज्यारोहणाच्या दिवशी बदलतं, दिनदर्शिकेच्या पहिल्या दिवशी नाही. यातून एक उलटापालट होते आणि ती भल्याभल्यांना चकवते. थुतमोसच्या तेविसाव्या वर्षातला शेमूचा चौथा महिना हा त्याच वर्षातल्या अखेतच्या पहिल्या महिन्याच्या *आधी* येतो. वर्ष शेमूत सुरू होतं, मग जादा दिवस, मग अखेत, मग पेरेत, असा फेरा. म्हणून एकाच राज्यवर्षातल्या तारखा लावताना प्रत्येक क्रमांकातून राज्यारोहणाचा क्रमांक वजा करा. उत्तर ऋण आलं तर ३६५ मिळवा. मग जे आकडे मिळतील त्यांच्या क्रमाने लावा. तुकडे झालेल्या कागदपत्रांचा क्रम लावताना ही एक वजाबाकी अर्धं काम करते.

सगळ्या काळांना हा नियम लावू नका, मात्र. मध्य राज्यात, विशेषतः बाराव्या घराण्यात, राज्यवर्ष सामान्यतः अखेतच्या पहिल्या दिवशीच बदलतं, त्यामुळे पहिलं वर्ष तोकडं असू शकतं. सव्विसाव्या घराण्यापासून पुन्हा तीच रीत. त्याहून जुन्या काळात तर वर्षाला सरळ आकडाच नाही. पहिल्या घराण्यांत वर्षाला त्या वर्षीच्या घटनेचं नाव असे, जुन्या राजांची वर्षवार नोंद असलेल्या पालेर्मो शिळेवर अशी वर्षं रकान्यांत मांडलेली दिसतात. पुढे जनावरांची सरकारी मोजणी आली: 'पंधराव्या मोजणीचं वर्ष', 'तेराव्या मोजणीनंतरचं वर्ष'. मोजणी एक वर्षाआड धरली तर दुप्पट करायचं. तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फ इथे मिळालेल्या, पिरॅमिडसाठी दगड वाहणाऱ्या मेरेर या अधिकाऱ्याच्या रोजनिशीशी जोडलेलं खुफूचं 'तेराव्या मोजणीनंतरचं वर्ष' त्यामुळे सव्विसावं-सत्ताविसावं वर्ष ठरतं. पण दुपटीचा नियम डोळे मिटून लावू नये. स्नेफेरूच्या काळात सातवी आणि आठवी मोजणी लागोपाठच्या वर्षांत झाल्याचं पालेर्मो शिळाच दाखवते.

पायरी ७: इसवी सनपूर्व, आणि तेही 'सुमारे'

राज्यारोहणाचं इसवी सनपूर्व वर्ष घ्या, त्यातून राज्यवर्षापेक्षा एक कमी इतकं वजा करा. तिसऱ्या थुतमोससाठी इ.स.पू. १४७९ धरलं तर वर्ष २३ सुरू होतं १४७९ − २२ = १४५७ मध्ये. लढाई वर्ष सुरू झाल्यावर लगेच झाली, म्हणून इ.स.पू. १४५७. हिशेब जुळला.

तोच हिशेब दुसऱ्या रामसेसला लावा. राज्यारोहण इ.स.पू. १२७९, शेमू ३, दिवस २७. हित्तींशी (आजच्या तुर्कस्तानातल्या राज्याशी) झालेली कादेशची लढाई वर्ष ५, शेमू ३, दिवस ९. वजाबाकी १२७५ सांगते, पुस्तकं १२७४ सांगतात. पुस्तकं चुकलेली नाहीत. राज्यारोहणाचा क्रमांक ३२७, लढाईचा ३०९. म्हणजे पाचवं वर्ष संपायला अठराच दिवस उरले होते, आणि जे वर्ष १२७५ च्या उन्हाळ्यात सुरू झालं ते १२७४ च्या उन्हाळ्यापर्यंत चाललं. सूत्र वर्षाची *सुरुवात* देतं, घटनेचा सन नाही. पायरी ६ मधली वजाबाकी केल्याशिवाय पायरी ७ ला जाऊ नका, ते यासाठी.

आणि १४७९, १२७९ हे आकडेही दगडावर कोरलेले नाहीत. ते चंद्राच्या आणि व्याध ताऱ्याच्या नोंदींवरून, शेजारच्या राज्यांशी सांगड घालून काढलेले आहेत. थुतमोससाठी १५०४ आणि १४९० हेही मांडले गेले आहेत. एका लेखात दोन वेगवेगळ्या कालपटांचे आकडे मिसळणं ही आंतरजालावरची नेहमीची चूक. एक पट निवडा आणि त्यालाच धरून राहा.

ऋतूच्या नावावर विसंबू नका

अखेत म्हणजे पूर, पेरेत म्हणजे पेरणी-उगवण, शेमू म्हणजे कापणी, हे खरं. पण लीप वर्ष नसल्यामुळे ही दिनदर्शिका दर चार वर्षांनी एक दिवस सरकते. पूर्ण फेरा व्हायला सुमारे १४६० वर्षं. तिसऱ्या सेनुस्रेतच्या समजल्या जाणाऱ्या इल्लाहूनच्या कागदात सातव्या वर्षी व्याध तारा (काही काळ अदृश्य राहून पहाटे पुन्हा) पेरेत ४, दिवस १६ ला उगवणार अशी नोंद आहे, म्हणजे क्रमांक २२६. व्याध उगवायचा जुलैच्या आसपास, पुराच्या तोंडावर. याचा अर्थ त्या काळी कागदावरचा 'पुराचा ऋतू' डिसेंबरच्या सुमारास सुरू होत होता, पूर ओसरून गेल्यावर. दुसऱ्या रामसेसच्या काळात मात्र अखेतचा पहिला दिवस जुलैच्या सुमारास येत होता, नाव आणि नाईल जुळत होते. म्हणून 'शेमू लिहिलंय, म्हणजे उन्हाळा असणार' असा तर्क काळ ठरल्याशिवाय करू नये.

दुरुस्तीचा प्रयत्न झाला. इ.स.पू. २३८ मध्ये तिसऱ्या टॉलेमीच्या कानोपसच्या फर्मानाने दर चौथ्या वर्षी सहावा जादा दिवस घालायला सांगितलं. लोकांनी तो मनावर घेतला नाही. ऑगस्टसच्या काळात रोमनांनी तो लागू केला तेव्हा टिकला. कॉप्टिक चर्चची दिनदर्शिका त्याच वळणाची आहे.

तास

शिलालेखात तास क्वचितच येतो, पण आला तर तो साठ मिनिटांचा समजू नका. सूर्योदय ते सूर्यास्त बारा तास, सूर्यास्त ते सूर्योदय बारा. थेब्समध्ये उन्हाळ्यात दिवसाचा तास आपल्या सुमारे ६८ मिनिटांचा पडतो, हिवाळ्यात ५३ च्या आसपास.

दिवसा सावलीचं यंत्र. २०१३ मध्ये राजांच्या दरीत कारागिरांच्या झोपड्यांजवळ चुनखडीच्या तुकड्यावर आखलेलं असं एक यंत्र मिळालं. रात्री तारे किंवा जलघटी. कर्नाकला सापडलेली तिसऱ्या अमेनहोतेपच्या काळातली जलघटी वर रुंद, खाली निमुळती आहे आणि तळाशी छिद्र आहे. पाणी भरलेलं असताना दाबामुळे धार जोरात वाहते, कमी झालं की मंदावते. निमुळत्या आकारामुळे पातळी तरी साधारण सारख्या वेगाने उतरते. आतल्या बाजूला ठिपक्यांचे बारा स्तंभ आहेत, महिन्याला एक, कारण रात्रीची लांबी बदलते. पुजाऱ्याने चुकीच्या महिन्याचा स्तंभ धरला की रात्रीची सगळी पूजा पुढे-मागे. आणि दिनदर्शिका सरकत असल्यामुळे शे-सव्वाशे वर्षांत सगळेच स्तंभ एका महिन्याने चुकायला लागत.

नेहमी चकवणाऱ्या जागा

कार्टूश एकाचं, कोरीव काम दुसऱ्याचं: स्त्री असून राजा झालेल्या हातशेपसुतचं नाव खोडून तिथे पहिल्या किंवा दुसऱ्या थुतमोसचं नाव घातलेलं अनेक ठिकाणी दिसतं. चौकटीतला दगड आजूबाजूपेक्षा खोल गेला असेल, किंवा नाव पुरुषाचं आणि मजकुरातली सर्वनामं स्त्रीलिंगी असतील, तर संशय घ्या. हातशेपसुतची राज्यवर्षंही वेगळी नाहीत. ती तिसऱ्या थुतमोसच्याच मोजणीतली आहेत, म्हणून दोघांची बेरीज करू नये.

अठराव्या घराण्याच्या शेवटच्या राजाचं, होरेमहेबचं, 'वर्ष ५९' मोसे नावाच्या अधिकाऱ्याच्या सक्कारातल्या थडग्यातल्या दाव्याच्या लेखात आहे. तो एवढा काळ राज्यावर नव्हता. अखेनातेनपासून 'आय' नावाच्या राजापर्यंतचे राजे नंतर अधिकृत यादीतून वगळले गेले आणि त्यांची वर्षं होरेमहेबच्या खात्यात जमा झाली. अबिदोसच्या पहिल्या सेतीच्या मंदिरातली ७६ नावांची यादीही तिसऱ्या अमेनहोतेपवरून थेट होरेमहेबवर जाते, आणि तीत हातशेपसुतही नाही. यादी म्हणून ती उत्तम आहे, संपूर्ण म्हणून नाही.

सरावासाठी एक

दुसरा रामसेस. कादेशची लढाई: वर्ष ५, शेमू ३, दिवस ९. हित्तींशी तह: वर्ष २१, पेरेत १, दिवस २१. मध्ये किती काळ गेला? '२१ − ५ = १६ वर्षं' हे उत्तर सर्रास छापलेलं दिसतं.

क्रमांक ३०९ आणि १४१. राज्यारोहण ३२७. लढाई: ३०९ − ३२७ + ३६५ = पाचवं वर्ष सुरू झाल्यावर ३४७ दिवसांनी. तह: १४१ − ३२७ + ३६५ = एकविसावं वर्ष सुरू झाल्यावर १७९ दिवसांनी. सोळा वर्षांचे ५८४० दिवस, त्यात १७९ मिळवा, ३४७ वजा करा: ५६७२ दिवस. साडेपंधरा वर्षं.